वरच्या मजल्यावरचं परीक्षा केंद्र

घरी बसून परीक्षा द्यायच्या त्या वर्षी अख्ख्या भिलाईत पुस्तक न उघडता पेपर लिहिणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्या डोक्यावर राहत होता. अगदी शब्दशः डोक्यावर. स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये आम्ही खाली आणि ते वर, म्हणून ते वरचे काका. प्लांटात क्रेन चालवायचे. वय अठ्ठावन्न, टाळूवर मोजून चार केस, रिटायर व्हायला दोन वर्षं बाकी, आणि शिक्षण: बी.ए. फायनल, चालू. मी त्याच वर्षी बी.कॉम. फायनलला होते. तेवढ्या आधारावर त्यांनी दूधवाल्यापासून फोरमनपर्यंत सगळ्यांना माझी ओळख "ही माझी क्लासमेट" अशी करून द्यायला सुरुवात केली. एकवीस वर्षांच्या मुलीला असा क्लासमेट मिळाला तर तिनं हसावं की तोंड लपवावं, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

या वयात बी.ए. कशाला, असं कोणी विचारलं की काका आत जात आणि एक पत्रिका घेऊन येत. स्वतःच्या लग्नाची, गोंदियाला छापलेली. तिच्यात वराच्या नावापुढे ठसठशीत अक्षरांत 'बी.ए.' असं होतं. झालं होतं असं की, मुलगी बघायला गेले तेव्हा मध्यस्थानं मुलगा बी.ए. करतोय म्हणून सांगितलं. ते काही खोटं नव्हतं, काकांनी फॉर्म भरला होता. काकूंचे वडील पडले शाळेचे हेडमास्तर. करतोय म्हणजे लग्नापर्यंत करून टाकेल, असं त्यांनी गृहीत धरलं आणि पत्रिकेत छापून मोकळे झाले. इकडे काकांना नोकरी लागली, शिफ्ट सुरू झाली आणि परीक्षा राहिली ती राहूनच गेली. पुढे दर दोन-तीन वर्षांनी प्रायव्हेटचा फॉर्म भरायचा, आणि ऐन पेपराच्या दिवशी कधी मुलाला कांजिण्या, कधी क्रेनचा बिघाड, कधी इंग्रजीत काका स्वतःच आडवे. काकू त्यावरून एका शब्दानं बोलल्या नाहीत कधी. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांचं मत होतं. "बुढा अठ्ठ्याऐंशीचा झाला," ते मला म्हणाले होते, "अजून लोकायले सांगते, आमचे जावई बी.ए. आहे म्हणून. त्याच्या जिवंतपणी तं खरं झालं पाहिजे ना पोट्टी. तो गेल्यावर मांगून करून कोणाले दाखवू?"

तर या वेळी काकांनी तयारी केली ती प्लांटातली मोठी दुरुस्ती काढतात तशी. भिंतीवर तक्ता लागला. इतिहास फर्स्ट शिफ्ट, राज्यशास्त्र सेकंड शिफ्ट, समाजशास्त्र रविवारी ओव्हरटाइम. अभ्यासाचं एक रजिस्टर होतं आणि उठताना त्यात नोंद केल्याशिवाय उठायचं नाही: 'इतिहास, पान बावन्न, चालू स्थितीत सोडले.' दुसऱ्या दिवशी तेच स्वतः ते रजिस्टर वाचत आणि खाली 'चार्ज घेतला' म्हणून स्वतःच सही करत. अभ्यासाला बसताना पायात सेफ्टी शूज लागत. चपलेत डोकं झोपतं, असा त्यांचा सिद्धांत होता. ते बूट घालून वर येरझारा सुरू झाल्या की आमच्या घरात पंख्याच्या दांडीतून पांढरी भुकटी गळायची. आई ताटावर ताट झाकायची आणि म्हणायची, "आज समाजशास्त्र दिसते."

पाठांतराची पद्धत तर कोणत्याही शिक्षणशास्त्रात बसणारी नव्हती. क्रेनवाल्याला खालचा माणूस हातानं इशारे करतो: उचल, उतरव, डावीकडे, थांब. तीस वर्षं वरून ते इशारे बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही शिरेनासं झालं असावं. काकांनी प्रत्येक उत्तराचे इशारे बसवले. कारणं सांगताना बोट वर, परिणाम सांगताना बोट खाली, महत्त्व असेल तर हात गोल. एकदा ते गच्चीवर क्रांतीची कारणं पाठ करत होते, आणि समोरच्या ब्लॉकमधल्या बाईनं आईला फोन करून विचारलं, "ताई, तुमच्या वरच्या भाऊंना काही त्रास होऊन राहिला का?" आईनं सांगितलं, "नाही हो, क्रांती होऊन राहिली."

इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे बी.ए., बी.कॉम. सगळ्यांना आधार पाठ्यक्रम नावाचा एक सामाईक पेपर असतो, भाषेचा, आणि त्यातल्या इंग्रजीनं काकांना आजवर तीनदा खाली उतरवलं होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. प्लांटचं इंग्रजी फर्डं यायचं, फक्त दुसरं कुठलंच येत नव्हतं. ऑनलाइन शिक्षणावर निबंध लिहायला दिला, तर त्यांनी अपघाताचा अहवाल लिहितात तसा लिहिला: घटनेची वेळ सकाळी आठ, उपकरण मोबाइल, जखमी कोणी नाही. मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "कावून, चुकलं काय? स्पेलिंग पाहून घे." स्पेलिंग सगळी बरोबर होती, हीच तर पंचाईत. शेवटी मी नाद सोडला आणि म्हटलं, अहवालच लिहा काका, फक्त शेवटी दोन ओळी मनातल्या टाका. त्यांनी टाकल्या. 'या यंत्राची मला भीती वाटते. पण काम याच्यावरच करायचे आहे.' असं काहीतरी. मला तो निबंध माझ्या निबंधापेक्षा आवडला, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर सगळा पेपरच त्यांनी अहवालात लिहिला असता.

आणि मग जाहीर झालं की परीक्षा घरूनच. सकाळी आठ वाजता पेपर फोनवर येणार, आपल्याच कागदावर लिहायचा, फोटो काढून दुपारी तीनच्या आत पाठवायचा. त्या दिवशी सेक्टरमध्ये पोरांनी जवळजवळ दिवाळी केली. हुडको कॉलनीतल्या माझ्या मैत्रिणींनी तर आधीच वाटणी करून टाकली की पहिला प्रश्न कोण शोधणार, दुसरा कोण. मीही धावत वर गेले. "काका, सुटलो! पुस्तक समोर ठेवून लिहायचं आता!" काका रजिस्टर लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "घरी बसून लिहाले सांगितलं. पाहून लिहाले कोण सांगितलं?"

मी खूप समजावलं. सगळे पाहूनच लिहिणार आहेत, म्हटलं. तीनदा नापास झालात, चौथ्यांदा कशाला नशिबाची परीक्षा बघता, म्हटलं. हिंदीतही सांगून पाहिलं, कारण मला राग आला की माझी मराठी पुरत नाही. "अरे काका, सब देख के लिखेंगे, आप अकेले क्या झंडा गाड़ोगे?" ते शांतपणे म्हणाले, "पत्रिकेत एकदा असंच छापलं ना पोट्टी. आता पुन्हा नाही." मी पाय आपटत खाली आले.

मग वर परीक्षा केंद्र उभं राहिलं. समोरच्या खोलीत टेबल, टेबलावर खडूनं रोल नंबर. काका पावणेआठलाच इस्त्रीचा शर्ट घालून, प्रवेशपत्र आणि पाण्याची बाटली घेऊन जिन्यात उभे. काकू आतून दार लावून घेत. आठला पाच कमी असताना काकू स्टीलच्या ताटलीवर लाटण्यानं टोला देत आणि काकांना आत घेत. माझ्याकडे झडतीचं काम होतं. मी खिसे तपासायची आणि त्यांच्या फोनवर आलेला पेपर एका कागदावर उतरवून त्यांना द्यायची. ते झालं की खाली येऊन आमच्या तांदळाच्या डब्याला गाईड टेकवून माझा पेपर लिहायची. एका पेपराला काकांचं पोट बिघडलं आणि दोनदा उठावं लागलं, तेव्हा दुसऱ्या वेळी काकूंनी "लवकर या, वेळ वाढवून भेटणार नाही" असा दम दिला. काका खाली मान घालून गेले आणि धावत परत आले.

सगळ्यात कडेकोट बंदोबस्त मात्र पुस्तकांचा होता. प्लांटात मशीनवर दुरुस्ती चालू असली की काम करणारा माणूस बटनाला आपलं कुलूप घालतो आणि नावाची लाल चिठ्ठी लटकवतो. ते कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, साहेबानंही नाही. काकांनी हाच नियम घरच्या गोदरेजच्या कपाटाला लावला. सगळी पुस्तकं आत, आणि पेपर उतरवून झाला की फोनही आत. "सगळ्यात मोठं पुस्तक तं हेच आहे," ते म्हणायचे. वर भलंमोठं कुलूप, लाल चिठ्ठीवर काकूंची सही आणि चावी काकूंच्या कमरेला. अकरा वाजता काकू पुन्हा ताटली वाजवायच्या, कुलूप काढायच्या, चिठ्ठीवर वेळ टाकायच्या, आणि मग आम्ही फोटो काढून पेपर पाठवायचो. चार पेपर असे सुरळीत गेले. काका तब्येतीनं जरा भरल्यासारखेही दिसायला लागले.

शेवटचा पेपर इंग्रजीचा. सकाळी सगळं नेहमीसारखं झालं, कुलूप लागलं, काका लिहायला बसले, आणि साडेआठला काकूंना पद्मनाभपूरहून फोन आला की त्यांची बहीण न्हाणीघरात घसरून पडली. काकू मला खिडकीतून हाक मारून म्हणाल्या, "जरा लक्ष ठेव गं, अकरापर्यंत येते," आणि स्कूटीवर निघाल्या. अकरा वाजले. काकांनी स्वतःच घड्याळ बघून पेन खाली ठेवलं. बारा वाजले, काकू नाहीत. एक वाजला, फोन उचलत नाहीत. फोन स्कूटीच्या डिकीत आणि त्या दवाखान्यात बहिणीचा हात धरून, हे आम्हाला नंतर कळलं. मी म्हटलं घाबरायचं कारण नाही, माझ्या फोनवर पाठवू. फोटो काढले, रोल नंबर टाकला, बटन दाबलं, आणि साइटनं सांगितलं की तुमच्या नोंदलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. त्याच क्षणी कपाटात 'टिंग' वाजलं.

काका कपाटाला कान लावून उभे राहिले. "आला पाहा."

"आला ते कळलं काका. काय आला ते कसं कळणार?"

पुन्हा पाठवला. पुन्हा आतून टिंग. तेवढ्यात मी खालून बाबांचा हातोडा आणला. कुलूप तसं फार दणकट नव्हतं, दोन घावांत गेलं असतं. काका आडवे आले. "नाही. ते कुलूप तिचं आहे."

दीड वाजला होता. माझा तोल सुटला. "काका, ये प्लांट नहीं है! ही तुमच्या बनियनची अलमारी आहे! गोंदियाला काय सांगाल, कुलपामुळे नापास झालो?" त्यांनी माझ्या हातातून हातोडा हळूच काढून फरशीवर ठेवला आणि खुर्चीवर बसले. म्हणाले, "प्लांटात लागायच्या आंधी मी एका लहानशा मिलमधी होतो, दुसऱ्या गावी. नवीन होतो. एकदा वरून कोणीतरी ओरडलं, झालं काम, काढ कुलूप. ते कुलूप माझं नव्हतं. मी काढलं. खाली माणूस होता. तीन बोटं गेली त्याची." मग म्हणाले, "तो मले काही बोलला नाही कधी. दिवाळीले फोन करते अजून." हातोडा आमच्या दोघांच्या मध्ये फरशीवर होता, आणि आत फोन कोणाच्या तरी गुड मॉर्निंगसाठी टिंग टिंग करत होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी काकूंनी फोन उचलला. मी एका दमात सगळं ओकले. "अगं मग तोडा ना!" त्या म्हणाल्या. मी फोन काकांच्या तोंडापुढे धरला. काका काही बोललेच नाहीत. मग काकूंचा आवाज आला, अगदी वेगळा. "अवो, तोडू नका. माझं कुलूप आहे. मी येऊन राहिली."

ही बाई स्कूटी चालवताना सायकलवाल्यांना पुढे जाऊ द्यायची. तीसच्या वर काटा गेलेला तिच्या स्कूटीनं कधी पाहिला नव्हता. पद्मनाभपूरहून आमचा सेक्टर म्हणजे भर दुपारी अर्ध्या तासाच्या आत अशक्य. मी गॅलरीत, काका खुर्चीत, आई जिन्यात, आणि जिन्यात आईसोबत हळूहळू सगळा ब्लॉक. दोन चाळीसला कोपऱ्यावर स्कूटी दिसली, आणि काय सांगू, मी आयुष्यात कुठल्या मॅचला ओरडले नसेन इतकी ओरडले. काकू हेल्मेटसकट वर आल्या, कमरेची चावी काढली, कपाटापुढे उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "पेन द्या."

"काकू, पेन कशाला? वीस मिनिटं राहिली!"

"वेळ टाका लागते ना चिठ्ठीवर."

त्यांनी वेळ टाकली, सही केली, चिठ्ठी काढली आणि मग कुलूप काढलं. काका हे सगळं बघत होते. नवरा बायकोकडे असं बघताना मी तोवर कुठेच पाहिलं नव्हतं, आमच्या घरात तर नाहीच. मग ओटीपी आला, आकडे काकांनी मोठ्यांदा वाचले, मी टाकले, गोल चक्र फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं, आणि तीनला सात कमी असताना हिरवी अक्षरं उमटली. काकू हेल्मेट घालूनच मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. काका हसताहसता रडायला लागले, चांगले हुंदके देऊन. जिन्यात टाळ्या पडल्या. मी आईला कळवायला माझ्या फोनवर तिचा नंबर शोधायला लागले, आणि आई समोर उभी होती.

निकाल लागला. काका पास, दुसरी श्रेणी, इंग्रजीत पासापुरते आणि वर चार. फोरमननं प्लांटातून हार पाठवला, ब्लॉकनं ढोलवाला बोलावला, आणि ढोलवाल्यानं वरात कोणाची म्हणून विचारलं तेव्हा काकांनी एक बोट वर करून स्वतःकडे वळवलं. पुढच्याच रविवारी ते गोंदियाला निघाले, काकूंना घेऊन, आणि हट्टानं मलाही घेऊन. हेडमास्तर आजोबांनी भिंग लावून गुणपत्रिका रोल नंबरपासून शिक्क्यापर्यंत वाचली. काका खाली मान घालून म्हणाले, "बाबा, पत्रिकेत छापलं तेव्हा मी बी.ए. नव्हतो. आता झालो." आजोबांना ते खरंच माहीत नव्हतं. कितीतरी वेळ ते भिंगातून जावयाकडेच बघत राहिले. मला वाटलं, संपलं आता. मग ते लेकीकडे वळले. "आणि तू मले इतके वर्ष खोटं सांगू दिलं लोकायले?" काकू म्हणाल्या, "करून राहिले होते ना ते, बाबा." आजोबा उठले, काठी घेतली, टोपी घातली आणि संध्याकाळभर गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगून आले, "आमचे जावई बी.ए. झाले." ज्यांना ही गोष्ट माहीत नव्हती त्यांनाही त्यामुळे कळलं की जावई आजवर बी.ए. नव्हते. काका मागे मागे चालत होते, आणि मी त्यांना इतकं ताठ चालताना कधी पाहिलं नाही.

आता काका रिटायर झाले. क्वार्टर सोडून कुम्हारीला राहायला गेले. आमच्या वर नवीन लोक आले आहेत, सगळे चपलेत वावरतात, पंख्यातून काही गळत नाही. मी रायपूरला नोकरी करते. मुलाखतीत साहेबानं माझी गुणपत्रिका पाहून विचारलं होतं, "ऑनलाइनवाली बॅच का?" आणि हसला होता. मीही हसले होते, दुसरं काय करणार. काकांनाही त्यांच्या निरोप समारंभात कोणीतरी हेच म्हणालं, तेव्हा ते छाती काढून म्हणाले, "हौ, ऑनलाइन. पुस्तक कपाटात होतं आणि चावी बायकोपाशी." कधीकधी घरी येताना मी वाटेत कुम्हारीला बसमधून उतरते. काकू चहा टाकतात, काका त्या परीक्षेची गोष्ट पहिल्यापासून सांगतात, मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकते. शेवटी ते हमखास विचारतात, "तुले किती टक्के पडले होते गं?" मी म्हणते, विसरले. "असं कसं विसरली? मले तं प्रत्येक पेपरचे पाठ आहे," ते म्हणतात आणि बोटावर मोजून दाखवायला लागतात. माझे त्यांच्यापेक्षा सतरा टक्के जास्त आहेत. मी चहा पिते आणि त्यांचे ऐकते.